घरावर सोलर : हिशेब, चुका आणि तो तिसरा किलोवॅट

ओगलेवाडीकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणी आणि एका चुलत दिरांनी "तुम्हाला सोलर परवडलं का गं?" असं विचारलं. प्रत्येकीला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते. मी हिशेबनीस आहे, वायरमन नाही. तांत्रिक काही चुकलं तर चूभूद्याघ्या.

आम्ही कराडजवळ ओगलेवाडीत राहतो. ज्या गावात एके काळी प्रभाकर कंदील बनायचे, तिथे आता गच्चीगच्चीवर निळ्या काचा दिसायला लागल्यात. पलीकडे पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, राज्यातलं पहिलं सौरग्राम. तिथे २०२४ मध्ये सगळं गाव सोलरवर गेलं आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

आमचा वापर वर्षाच्या सरासरीने महिना १९० युनिट. हिवाळ्यात १६०, एप्रिल-मेमध्ये २५०. बिल साधारण २,००० रुपये. पंतप्रधान सूर्यघर योजनेत अनुदान असं आहे : पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठं बसवा, ७८,००० च. बसवणारा आला, गच्ची बघितली, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तीनचंच घ्या. सरकार ७८ हजार देतंय, सोडता कशाला?" आम्ही सोडले नाहीत. इथेच चुकलो.

आता आकडे. ३ किलोवॅटचा खर्च १,९५,०००. अनुदान वजा जाता १,१७,०००. दोनचा भाव त्याने १,३५,००० सांगितला होता, अनुदान ६०,०००, म्हणजे पदरचे ७५,०००. आमच्याकडे एका किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट पडतात, महिन्याला १२०. दोन किलोवॅटचे झाले २४०. आमची गरज १९०! म्हणजे तिसऱ्या किलोवॅटचे ४२,००० आम्ही कशासाठी मोजले, तर उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, देण्यासाठी.

"मग ती वीज जमा होते ना?" होते, पण ३१ मार्चपर्यंतच. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटचा हिशेब मिटवतात आणि त्याचा जो दर मिळतो तो आपण बिलात भरतो त्याच्यापुढे चिल्लर आहे. आमचं सोलर ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. थंडीत पंखे बंद, ऊन मात्र खणखणीत, त्यामुळे मार्चअखेर साडेअकराशे युनिट साठले. १ एप्रिलला पाटी कोरी. आणि पंखे-कूलर सुरू झाले ते १ एप्रिलपासूनच!

आता बिल येतं दीडशेच्या आसपास. स्थिर आकार आणि त्यावरचं वीजशुल्क कुणालाच चुकत नाही. "शून्य बिल" असं कुणी म्हणालं तर ते जाहिरातीतलं समजा. म्हणजे महिना १,८५० वाचतात. दोनचं घेतलं असतं तर पैसे ४० महिन्यांत वसूल झाले असते, तीनचं घेतल्यामुळे ६३ महिने लागणार. हेही वाईट नाहीच. पण पावणेदोन-दोन वर्षं उगाच लांबलं.

दुसरी गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही : अनुदान मागाहून येतं. बसवणाऱ्याला पैसे आधी हवे असतात. सर्वसामान्य माणसाची खरी अडचण ती आहे, पॅनेलची किंमत नव्हे. आम्ही या योजनेचं बँकेचं विनातारण कर्ज घेतलं. दहा टक्के आपले, बाकी बँकेचे, म्हणजे १,७५,५००. तेव्हा व्याज ७ टक्के होतं, मुदत १० वर्षं, हप्ता २,०४० च्या आसपास. म्हणजे आधी बिल भरायचो तेवढाच हप्ता. अनुदान आलं ते बचत खात्यात. कर्जखात्यात ते आपोआप गेलं नाही! आमच्या ह्यांनी त्याच आठवड्यात मोबाइलवर सोफासेट बघायला घेतला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन ७८,००० कर्जात भरून आले आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तो आला अकराशे-साडेअकराशेवर. आता हप्ता आणि बिल मिळून तेराशेच्या आत आहे. पहिल्या महिन्यापासून फायदा.

तिसरी गोष्ट, बिलावरचं नाव. आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते जाऊन सात वर्षं झाली होती. अर्ज, बँक खातं, आधार सगळं एकाच नावाचं लागतं. नाव बदलायचं काम आधी उरका. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि दीड महिना वाया घालवला.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी एकच किलोवॅट बसवलंय त्यांचे.

---

चौकस चिमणी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४७

वाखूसा! (वाचनखूण साठवली.) सोफासेट वाचून फुटले. :)

---

वायरमन नाना | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

ताई, हिशेब एकदम बरोबर. मी लातूरकडं हीच कामं करतो, म्हणून आमच्या धंद्याचीच चहाडी करतो आता. गिऱ्हाइकाला तीनचं घे म्हणायला सोपं जातं. एक तर अनुदानाचा आकडा मोठा दिसतो, दुसरं म्हणजे मजूर, जीप, कागदपत्रं यांचा खर्च एकाला आणि तीनला जवळपास सारखाच. एका किलोवॅटच्या कामात बसवणाऱ्याला काही उरत नाही. म्हणून तो एकचं नाव काढत नाही, आणि काढलं तर भाव असा सांगतो की तुम्हीच नको म्हणाल.

आता चार गोष्टी कामाच्या.

अनुदान पाहिजे तर पॅनेल भारतात बनलेलं पाहिजे, आणि आतला सेलसुद्धा भारतातलाच. त्याला आम्ही डीसीआर म्हणतो. कुणी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त सांगितलं तर आधी विचारा, डीसीआर आहे का? बिनडीसीआरवर अनुदान नाही, मग तो स्वस्तपणा कुठं गेला?

पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) यांतलं जे कमी किलोवॅटचं, त्यावर अनुदान निघतं. तीनचे पॅनेल लावून इन्व्हर्टर लहान टाकला तर अनुदान लहान इन्व्हर्टरचंच.

अर्थिंग तीन वेगळ्या लागतात. एक एसी म्हणजे घरात वापरायच्या विजेची, एक डीसी म्हणजे पॅनेलमधून येते त्या विजेची, आणि वीज पडते तिच्यासाठी अरेस्टरची. बरेच जण एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून मोकळे होतात. खड्डे मोजून घ्या. लाज वाटू देऊ नका.

आणि सावली. सावलीचं माप मे महिन्यात घेऊ नका! मे-जूनला सूर्य डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या बुडाशीच राहते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि तीच सावली उत्तरेकडं लांब पडते. म्हणून टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचं नारळाचं झाड यांच्या उत्तरेला पॅनेल घेऊ नका. साध्या जोडणीत पॅनेल एकामागं एक जोडलेले असतात. एकावर सावली आली की सगळी ओळ मंदावते. बैलजोडीतला एक बैल बसला तर दुसरा काय करणार?

---

कोपऱ्यावरचा हिशेबी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

थोडा पाण्याचा शिंतोडा मारतो. १,१७,००० मुदत ठेवीत टाकले तर ७ टक्क्यांनी वर्षाला आठ हजार येतात ते धरले का? पाच-दहा वर्षांत इन्व्हर्टर बदलावा लागणार, ते पंचवीस-तीस हजार धरले का? पॅनेलवर २५ वर्षांची हमी असते म्हणे, पण हमी देणारी कंपनी २५ वर्षं टिकेल याची हमी कुणाची?

---

ओगलेवाडीकर | ९ फेब्रुवारी, दुपारी १:३५

@हिशेबी, धरले. आठ हजार व्याज सोडलं आणि वर्षाला बावीस हजारांचं बिल वाचलं. इन्व्हर्टरसाठी वर्षाला तीन हजार बाजूला टाकले तरी अकरा हजार हातात राहतात. शिवाय व्याजावर कर असू शकतो, न भरलेल्या बिलावर कर नाही. हमीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आम्ही बिल, पॅनेलच्या मागच्या नंबरांचे फोटो आणि हमीपत्र एका फाइलमध्ये ठेवलंय. त्यापलीकडे देवाक काळजी.

---

वर्धेची माय | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:०८

ताई, तुम्ही एक किलोवॅटवाल्यांना विचारलं म्हणून लिहिते. आमचं दोन खोल्यांचं घर, फ्रिज, टीव्ही, दोन पंखे, एक कूलर. वापर वर्षभर ८०-९० युनिटच्या आत. बिल साडेसातशेच्या आसपास. आधी मी विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, शंभराच्या आत असेल तर नादी लागू नको, परवडत नाही. आणि ते खरंच होतं, कारण पहिले शंभर युनिट स्वस्त असतात.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारची वेगळी योजना आली, तिला स्मार्ट म्हणतात. महिना १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी आहे. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरलाय. केंद्राचे ३०,०००, आणि वर राज्याचे : दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातीला १५,०००, बाकीच्यांना १०,०००. म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घराने फक्त २,५०० भरायचे. आम्ही बाकीच्यांत बसतो, म्हणून १०,००० भरले. महिन्याला सहाशे वाचताहेत. दीड वर्षात वसूल.

एकूण पाच लाख घरांसाठीच आहे, म्हणून ज्यांचा वापर कमी त्यांनी बसून राहू नका. माझ्या जावेने "बघू संक्रांतीनंतर" म्हणून अर्ज केला नाही, ती अजून बघतेच आहे.

एक प्रश्न : आमच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. पुढं वाढवायचं झालं तर पत्र्यावर बसतं का?

---

वायरमन नाना | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

माय, बसतं. पण पत्र्याला नाही, पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांना धरून बसवायचं. एक पॅनेल पंचवीस-तीस किलोचं असतं. त्या पट्ट्या लाकडाच्या असतील किंवा गंजल्या असतील तर आधी त्या बदला. आणि भोक पडतं तिथं रबरी वायसर आणि सिलिकॉन लावून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात पातेलं घेऊन बसाल.

---

खाडीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१६

कोकणातून बोलतो, गुहागरकडून. इथलं गणित घाटावरच्यासारखं नाही हे आधी सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर ढग. जुलैत एखाद्या दिवशी पॅनेल आहेत की नाहीत असा संशय येतो. वर्षाची सरासरी काढताना हे चार महिने विसरू नका.

वारा हा दुसरा मुद्दा. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. रायगडात आणि आमच्याकडे पत्रे कसे उडाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्यामुळे मी स्ट्रक्चर बुटकं घेतलं, गच्चीपासून दोन फूट. खाली वाळत घालायला जागा राहावी म्हणून आठ फूट उंच मांडव करणारे खूप आहेत. दिसतो छान. वाऱ्याला तो शीड वाटतो. आणि खारी हवा. साधा रंग मारलेला लोखंडी अँगल दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. गरम जस्ताच्या कढईत बुडवून काढलेलंच घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे. मला त्याचे आठ हजार जास्त पडले.

माकडांचं काय करायचं ते मात्र अजून सापडलेलं नाही. सकाळी कोवळ्या उन्हाला पॅनेलवर ओळीने बसतात. शेंगा खातात. टरफलं तिथेच.

आता सगळ्यांत मोठा अपेक्षाभंग. दिवे गेले की सोलरही बंद! भर दुपारी बारा वाजता, कडक ऊन, आणि घरात पंखा नाही. बसवणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. बायकोने विचारलं, "मग हे दीड लाखाचं छप्पर आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

---

वायरमन नाना | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५८

दादा, ते मुद्दामच तसं असतं. लाइन गेली की खांबावर आमचाच कुणी भाऊ चढलेला असतो. तुमच्या घरातून वीज उलटी लाइनवर गेली तर तो जागच्या जागी जाईल. म्हणून ग्रिड नसेल तर इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. दिवे गेल्यावरही पाहिजे असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही. दोन तासांच्या खोळंब्यासाठी घरातला जुना साधा इन्व्हर्टर राहू द्या, तोच स्वस्त.

---

खाडीकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०३

हे कारण बायकोला वाचून दाखवलं. पटलं तिला. धन्यवाद नाना.

---

सचिव (नाइलाजाने) | १० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

पुण्यात कोथरूडला आमची ४० सदनिकांची सोसायटी. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. वैयक्तिक सोलर जमत नाही, म्हणून लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवर २० किलोवॅट बसवलं. सोसायटीला सामायिक वापरासाठी अनुदान किलोवॅटला १८,००० आहे, आम्हाला ३,६०,००० मिळाले. खर्च दहा लाख. उरलेले ६,४०,००० चाळीस जणांत वाटले, घरटी १६,०००.

हे एवढ्या सरळपणे झालं असं वाटत असेल तर तुम्ही कधी सर्वसाधारण सभेला बसला नाहीत. वरच्या मजल्यावरचे काका उभे राहिले, "गच्चीला भोकं पाडाल तर गळती माझ्या बेडरूममध्ये." रास्त होतं. पहिल्या सभेत त्यावरच अडीच तास गेले आणि वडे संपले. शेवटी भोकच न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करायचं ठरलं. ठोकळ्यांचं वजन गच्चीला झेपतं का हे अभियंत्याकडून लेखी घेतलं. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग सही केली.

मेंटेनन्स महिना चारशेने कमी झाला, तेव्हा काकांनीच पेढे वाटले.

---

दूरदेशी | १० फेब्रुवारी, दुपारी ४:१२

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडहून. इथे दर तीन घरांतल्या एकावर तरी सोलर आहे. सुरुवातीला ग्रिडला दिलेल्या विजेचे इतके पैसे मिळायचे की लोक कमाईचं साधन म्हणून बसवायचे. न्यू साउथ वेल्समध्ये २०१० साली युनिटला ६० सेंट होते. आता ते दर इतके उतरलेत की ग्रिडला देण्यापेक्षा घरात वापरा हाच सल्ला असतो, आणि जुलै २०२५ पासून सरकार घरगुती बॅटरीच्या किमतीत सूट द्यायला लागलंय. दुपारी सगळ्यांकडेच वीज जास्त झाली की तिला भाव कोण देणार? ओगलेवाडीकर ताईंचा तिसरा किलोवॅट मला म्हणूनच ओळखीचा वाटला.

---

पुढचा विचार | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

ताईंशी असहमत. आज १९० युनिट आहेत, उद्या इलेक्ट्रिक स्कूटर आली, मुलांनी एसी मागितला तर? नंतर एक किलोवॅट वाढवायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मजूर, इन्व्हर्टर लहान पडला तर तोही नवा. आधीच तीनचं घेतलेलं बरं. मी घेतलं, स्कूटर आली, आता काही वाया जात नाही.

---

ओगलेवाडीकर | १० फेब्रुवारी, रात्री ८:५०

@पुढचा विचार, स्कूटर वर्षभरात येणारच असेल तर तीनचं घ्या, माझी ना नाही. पण रोज तीस किलोमीटर फिरली तरी ती महिन्याला तीसेक युनिटच खाते. आमच्या दोन किलोवॅटमध्ये पन्नास शिल्लक राहिले असते, त्यात स्कूटर सहज मावली असती. एसीची गोष्ट वेगळी. एसीवाल्यांनी मोठं घ्यावं, कारण त्यांचे युनिट वरच्या टप्प्यात जातात.

हा टप्प्यांचा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये राहून गेला. माझ्या बिलावरून सगळं धरून पहिले १०० युनिट सात रुपयांच्या आत पडतात, त्यापुढचे तेराच्या आसपास. सोलर आलं की आधी हे तेरावाले कापले जातात. म्हणून पहिला किलोवॅट सगळ्यांत जास्त कमावतो. आमचंच गणित मांडून बघितलं : एकच किलोवॅट बसवलं असतं तर १२० युनिट कापले जाऊन ७० उरले असते, बिल २,००० वरून सव्वासहाशेवर आलं असतं. एकाचा भाव त्याने ७०,००० सांगितला होता, अनुदान जाऊन ४०,०००. अडीच वर्षांच्या आत वसूल, आणि कर्जाची गरजही पडली नसती, भिशीत भागलं असतं.

---

चौकस चिमणी | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

मग ते शिल्लक युनिट आता कसे संपवताय?

---

ओगलेवाडीकर | १० फेब्रुवारी, रात्री ९:३१

इंडक्शन घेतलं. दुपारचा चहा, वरण-भात, अंघोळीचं पाणी सगळं विजेवर. सिलिंडर महिन्याऐवजी सत्तर दिवस जातो. सासूबाई आयुष्यभर "दिवा मालव, दिवा मालव" करायच्या, त्या आता स्वतःच देवघरातला बल्ब दिवसभर चालू ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "मार्चमध्ये सरकारला द्यायचेच आहेत ना, त्यापेक्षा देवाला देते."

---

वायरमन नाना | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

हे बेस! 😄

एक राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कुणी जुन्या दरपत्रकावर भाव सांगत असेल तर विचारा. आणि पुसायचं विसरू नका. पंधरा दिवसांनी, भल्या पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, साध्या पाण्यानं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि बोअरच्या क्षारवाल्या पाण्याचे डाग बसतात ते वेगळेच.

---

ओगलेवाडीकर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

ताजी खबर. आज शेजारचे मास्तर बिल घेऊन आले. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच, मी बाराच्या बारा आकडे त्यांच्यासमोर कागदावर उतरवून बेरीज केली. सरासरी निघाली १४५. म्हटलं, मास्तर, तुम्हाला एक भरपूर झालं, फार तर दीड. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चहा संपवला, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सगळं पटलं हो. पण ७८ हजार सोडायचे म्हणजे..."

---

कोपऱ्यावरचा हिशेबी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४४

मास्तरांना माझ्याकडे पाठवा.